थर्ड इयरला प्रवेशच नाही, आणि घरी कळलं रेल्वेच्या पासवरून

प्राजक्त_डोंबिवली

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. आहे म्हणायचं की होता, हेच या आठवड्यात कळेनासं झालंय.

शनिवारी त्याची पॅन्ट धुवायला टाकताना खिशातून पास निघाला. डोंबिवली ते दादर, सेकंड क्लास, पूर्ण भाड्याचा. दोन वर्षं तो कॉलेजच्या कन्सेशन फॉर्मवर अर्ध्या पैशांत पास काढायचा. फॉर्मसाठी ऑफिसबाहेर किती रांग असते, क्लार्क कधी जेवायला जातो, हे सगळं घरी येऊन सांगायचा. मी सहज विचारलं, "फॉर्म संपले का रे?" तो काही बोलला नाही. नुसता पलंगावर बसला. मग मीही बसले.

मॅथ्स वन पहिल्या सेमपासून राहिलेला आहे. मेमध्ये चौथ्यांदा दिला, ८० पैकी २६ मिळाले, पासिंगला ३२ लागतात. सेकंड इयरचे दोन विषय राहिलेत ते वेगळेच. त्यामुळे जुलैत थर्ड इयरला प्रवेश मिळाला नाही. मुलं त्याला ड्रॉप म्हणतात, क्रिटिकल म्हणतात. जुलैपासून हा रोज सकाळी ७ला डबा घेऊन निघतो आणि सहाला परत येतो. फी विचारली तर म्हणायचा, यंदा दिवाळीनंतर भरायची आहे. मी विश्वास ठेवला.

मी बीए आहे, मिस्टर अंबरनाथला एमआयडीसीत कामाला आहेत. आम्हाला या सेमिस्टर, केटीच्या भानगडी नीट कळत नाहीत. त्याला परत पूर्ण सेकंड इयर करावं लागेल का? स्कॉलरशिप (शाहू महाराजांच्या नावाची, अर्धी फी माफ होते ती) गेली का? पुढे नोकरीत हे कायमचं दिसत राहतं का?

आणि एक. तो म्हणतोय, बाबांना सांगू नकोस. मी तीन दिवस सांगितलेलं नाही.

मोगरा

ताई, आधी एक विचारते. तो जेवतोय ना, झोपतोय ना? बाकी सगळं नंतर. रात्री एकटा सोडू नका एक-दोन दिवस. आणि टेली मानसचा १४४१६ हा नंबर घरात लिहून ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. त्याला नको वाटलं तर तुम्ही करा फोन. आईसाठीही आहे तो.

खडूफळा

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात २१ वर्षं शिकवतोय. तुमच्या प्रश्नांची उत्तरं सरळ देतो, कारण असे पालक माझ्या टेबलासमोर येतात तेव्हा रडत असतात आणि त्यांना काहीच ऐकू येत नाही. इथे तुम्ही परत परत वाचू शकाल.

तीन गोष्टी लोक एकच समजतात. केटी लागणं ही पहिली. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स', विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. दुसरी ड्रॉप. ही मुभा संपते तेव्हा ड्रॉप लागतो. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला फर्स्ट इयर पूर्ण सुटल्याशिवाय थर्ड इयरला प्रवेश नाही, आणि सेकंड इयर सुटल्याशिवाय फायनलला नाही. तुमच्या मुलाचं इथे अडलं आहे. तिसरी, टर्म ग्रँट न होणं. ७५ टक्के हजेरी नसेल तर कॉलेज परीक्षेलाच बसू देत नाही, आणि मग ती टर्म फी भरून नव्याने करावी लागते. ही सगळ्यांत वाईट. तुमच्या मुलाने सेकंड इयरच्या परीक्षा दिल्यात, म्हणजे त्याच्या टर्म ग्रँट झालेल्या आहेत. त्याला सेकंड इयर परत बसायचं नाही. फक्त राहिलेले पेपर द्यायचे आहेत. वर्गात जायची गरज नाही, आणि म्हणूनच त्याला कन्सेशन फॉर्म मिळत नाही, तो या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी नाही.

आता ताई, घाईचं काय ते ऐका. हिवाळी परीक्षेचे केटी फॉर्म साधारण याच दिवसांत भरले जातात. शेवटची तारीख, मग लेट फी, मग सुपर लेट फी, आणि त्यानंतर काही नाही. ड्रॉपची मुलं वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आपोआप बाहेर पडलेली असतात, त्यांना नोटीस कोणी पाठवत नाही. उद्या सकाळी दोघांनी मिळून परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. उद्याच.

प्राजक्त_डोंबिवली

सर, तुमचं वाचून त्याला विचारलं. फॉर्म सुरू झालाय हे त्याला माहीत नव्हतं. उद्या जातोय.

रोखठोक_ठाणेकर

मी वेगळं बोलणार, राग मानू नका. ही साडेतीन महिन्यांची फसवणूक आहे. रोज डबा बांधून देणारी आई आणि पोरगा फिरतोय गावभर. मोबाइल काढून घ्या, पैसे बंद करा, वडिलांना आजच्या आज सांगा. आमच्या वेळी नापास झालो तर वडिलांनी रंगाच्या दुकानात कामाला लावलं होतं. त्याच वर्षी पास झालो.

मोगरा

ठाणेकर, तुमच्या वडिलांना कळलं होतं. इथे मुद्दा तोच आहे की याने कळू दिलं नाही. अशा मुलाचा मोबाइल काढून तो बोलायला लागेल असं मला नाही वाटत.

फलाट_क्रमांक_४

मी हे केलेलं आहे. २००९ साली. आजवर बायकोला सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

माझा मॅथ्स थ्री राहिला होता आणि सोबत आणखी दोन. ड्रॉप लागला. घरी सांगायचं ठरवूनच निघालो होतो कॉलेजातून. ट्रेनमध्ये वाक्यं जुळवली होती. घरी आलो तर आत्या आलेल्या, त्यांच्यापुढे आई म्हणाली, आमचा आता इंजिनिअर व्हायला दोनच वर्षं. त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी ड्रॉपचं सांगायचं होतं आणि काल का नाही सांगितलंस त्याचंही उत्तर द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं. दर दिवशी ते एकेका दिवसाने जड होत गेलं. पंधरा दिवसांनी मला ड्रॉपपेक्षा त्या पंधरा दिवसांचीच भीती जास्त वाटत होती.

लोकांना वाटतं पोरगा मजा करत असेल. मी सकाळी सीएसटीला उतरायचो, परतीची कल्याण स्लो पकडायचो, विंडो सीट मिळाली की शेवटपर्यंत बसायचो, तिथून पुन्हा सीएसटी. दुपारी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर डबा खायचो. आईच्या हातची कारल्याची भाजी तिथे बसून खाताना काय वाटायचं ते मला आजही लिहिता येत नाही. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या, मग दादरच्या फलाटावर. कोणी ओळखीचं दिसलं की उठून दुसऱ्या टोकाला.

आणि सर म्हणतात तेच माझं झालं. तेव्हा नोटीस बोर्डावर लागायची आणि मी लाजेने कॉलेजच्या गल्लीतही पाऊल ठेवत नव्हतो. फॉर्मची तारीख गेली. हिवाळी परीक्षा हुकली. उन्हाळ्यात बसलो, पण एक पेपर राहिलाच, आणि एक वर्षाचा ड्रॉप दोन वर्षांचा झाला. गणित कच्चं होतं म्हणून पहिलं वर्ष गेलं. दुसरं वर्ष घरी सांगितलं नाही म्हणून गेलं, त्यात गणिताचा काही संबंध नव्हता.

ताई, तुम्हाला ऑक्टोबरात कळलंय. मला त्या वर्षी कोणी खिसा तपासला असता तर बरं झालं असतं.

रोखठोक_ठाणेकर

फलाट, तुमचं वाचलं. मोबाइल आणि पैशांबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. वडिलांना सांगावं हे मात्र अजूनही म्हणतो. एकट्या आईने हे का वाहायचं?

जुना_कट्टेकरी

इंजिनिअरिंगवाल्यांचंच होतं असं नाही. कॉमर्सची गोष्ट सांगतो, कारण तिथे धोका उशिरा दिसतो.

एफवायबीकॉमला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स नावाचा विषय असायचा. अर्ध्या वर्गाला त्याचीच धास्ती. माझा दुसऱ्या सेमचा राहिला. एटीकेटीवर एसवाय, मग टीवाय. टीवायला छान मार्क, सहावी सेम एका फटक्यात. निकालाचं गॅझेट पाहिलं तर नावापुढे आरएलई. म्हणजे खालच्या परीक्षेचा निकाल बाकी आहे म्हणून वरचा राखून ठेवला. मार्क आहेत, पण पदवी नाही. मी घरी पेढे वाटून मोकळा झालो होतो. एका बँकेत कामाला लागलो, तीन महिन्यांत पासिंग सर्टिफिकेट मागितलं, देता आलं नाही, काम गेलं. बँकेची काही चूक नव्हती.

पुढे तो एक पेपर सुटायला तीन वर्षं लागली. मध्ये अभ्यासक्रम बदलला, जुन्या पुस्तकांना कोणी विचारेना, क्लासवाले नवीनच शिकवत होते. एका पेपरसाठी नोकरी सांभाळून कलिन्याच्या फुले भवनात (विद्यापीठाच्या परीक्षा विभागात) किती फेऱ्या झाल्या ते मोजणं सोडून दिलं होतं.

तुमच्या मुलाला सांगा, जुना विषय जितका मागे राहतो तितका तो महाग पडतो.

खडूफळा

कट्टेकरींचा अभ्यासक्रमाचा मुद्दा फार महत्त्वाचा. ताई, तुमचा मुलगा बहुतेक २०१९च्या सी स्कीमचा, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा असेल. आता नवीन शैक्षणिक धोरणाची मुलं खालून येतायत. जुन्या स्कीमचे पेपर कायम निघत नाहीत. त्याच्या स्कीमच्या किती परीक्षा अजून होणार आहेत, हे परीक्षा विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, पदवीचा काळ अधिक दोन वर्षं, आणि अपवादात्मक कारण असेल तर आणखी एक. चार वर्षांची पदवी म्हणजे सहा वर्षं. एक ड्रॉप गेला म्हणून दार बंद झालेलं नाही. पण दुसरा ड्रॉप घ्यायला जागा फार उरत नाही.

नोकरीचं. कॅम्पसला कंपन्या 'लाइव्ह केटी' आणि 'डेड केटी' असा फरक करतात. लाइव्ह म्हणजे अजून न सुटलेली, ती असेल तर बहुतेक ठिकाणी बसूच देत नाहीत. सुटलेली ती डेड. बऱ्याच कंपन्या ६० टक्क्यांची अट घालतात, म्हणून पॉइंटर, म्हणजे ग्रेडची सरासरी, सांभाळायला हवा. एका वर्षाच्या गॅपबद्दल मुलाखतीत विचारतात, खरं सांगितलं की पुढे जातात. माझे ड्रॉप लागलेले विद्यार्थी आज चांगल्या जागी आहेत, आणि पहिल्या फटक्यात पास झालेले काही नाहीत.

मोगरा

प्रत्येक वेळी मुलाचाच दोष असतो असंही धरू नका हं. २०१७ला पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम आणली तेव्हा मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले होते, त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवलं गेलं. म्हणून निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची सवय ठेवा. २६चे ३२ होतील असं नाही म्हणत, पण आपण कुठे चुकलो हे तरी दिसतं.

प्राजक्त_डोंबिवली

फोटोकॉपी मागवली होती का विचारलं. नाही. निकालानंतर ठरावीक दिवसच मिळतात, त्या दिवसांत तो घरी माझ्यासमोर नेहमीसारखा वागण्यातच सगळी शक्ती घालवत होता, असं म्हणाला. हे ऐकून मला राग यायला हवा होता. नाही आला.

आज कॉलेजात गेलो होतो. फॉर्मची नियमित तारीख काल संपली. लेट फीमध्ये अजून चार दिवस आहेत. मॅथ्स वन आणि सेकंड इयरचे दोन, तिन्ही भरायचे. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं एका कागदावर लिहून दिलं. तो माझ्या मागे उभा होता, त्याच्या वर्गातली दोन मुलं समोरून गेली, त्यांनी हाक मारली, तर हा आधी खाली बघत राहिला आणि मग बोलायला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, त्यातल्या एकालाही क्रिटिकल लागलीय.

समुद्रफूल

थोडं लांबचं उदाहरण आहे पण मूळ एकच म्हणून लिहिते. माझी भाची अमेरिकेत बॅचलर्स करत होती. तिथे केटी नसते. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, चारपैकी दोनच्या खाली गेला की 'अॅकॅडमिक प्रोबेशन' लावतात, म्हणजे एक-दोन सेमिस्टरची मुदत, त्यात वर आला नाही तर काढून टाकतात. तिला प्रोबेशनचं पत्र आलं. तिने घरी सांगितलं नाही. भार हलका करावा म्हणून कोणालाही न विचारता दोन विषय सोडून दिले.

इथेच सगळं बिघडलं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात. अभ्यास झेपत नसेल तर कमी करायची परवानगी मिळू शकते, पण ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून आधी घ्यावी लागते. तिने आधी सोडले, नंतर विचारलं. जी गोष्ट अभ्यासाची होती ती व्हिसाची झाली, आणि तिला परत यावं लागलं. तिच्या बाबांना कधी कळलं? बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी मार्कशीट मागितली तेव्हा. तुमच्या पाससारखंच, ताई.

कर्ज काढलेल्या इथल्या पालकांनीही लक्षात ठेवा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिकत असतानाच्या व्याजावर केंद्राचं अनुदान मिळतं, पण मुलाने कोर्स अर्धवट सोडला किंवा अभ्यासात मागे पडला म्हणून संस्थेने काढलं तर ते मिळत नाही. आजारपणामुळे सोडला तर सवलत आहे.

जुना_कट्टेकरी

अमेरिकेत काढून टाकतात आणि आपल्याकडे निदान केटी तरी मिळते, हे बरंच म्हणायचं मग.

मोगरा

आपल्याकडेही काढतात हो. २०१५ला आयआयटी रुरकीने सीजीपीए पाचच्या खाली म्हणून पहिल्या वर्षाची सत्तरहून जास्त मुलं काढली होती. प्रकरण नैनितालच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी संस्थेनेच अटी घालून परत घेतलं. जेईई काढून गेलेली मुलं ती. विचार करा.

खडूफळा

शिष्यवृत्तीचं राहिलं होतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर, निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ज्या वर्षी प्रवेशच नाही त्या वर्षी अर्थात काही नाही. थर्ड इयरला प्रवेश घेतल्यावर महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) पुन्हा अर्ज करा आणि गॅप खरा दाखवा. मधला खंड दोन वर्षांचा झाला की अपात्र ठरतो. म्हणजे इथेही पुढच्या जुलैला प्रवेश होणं महत्त्वाचं. कागद आत्तापासून जमवा, उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो.

अभ्यासाचं मुलाला सांगा, मॅथ्स वन चार वेळा दिला म्हणजे चार वेळा तीच वही वाचली असणार. वही बाजूला ठेवायची. मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवायचे. ३२साठी सगळा अभ्यासक्रम लागत नाही. कॉम्प्लेक्स नंबर्स आणि मॅट्रिसेस पक्के केले तर बराच पल्ला जातो.

प्राजक्त_डोंबिवली

उशिरा लिहिते आहे, आठवडा झाला.

बाबांना सांगितलं. मी नाही, त्यानेच. मी म्हटलं, मी शेजारी बसते, पण बोलायचं तू. त्याने फलाट दादांचा प्रतिसाद माझ्या मोबाइलवर वाचला होता, दोनदा. जेवणं झाल्यावर बसलो. त्याने सगळं सांगितलं, कुठे बसायचा तेही. हा दादरच्या एका अभ्यासिकेत जायचा, निदान अर्धे दिवस तरी. मिस्टर काही बोलले नाहीत. उठले, गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं आता संपलं.

सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना चपला घालता घालता त्याला विचारलं, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?" तो म्हणाला, भरला परवाच. "पैसे कोणी दिले?" आईने. त्यांनी खिशातून काढून लेट फीसकट सगळे माझ्या हातात ठेवले आणि गेले. संध्याकाळी येताना बाजारातून फुलस्केप वह्या आणल्या. गणितासाठी पाठकोऱ्या लागतात का रेघांच्या, हे माहीत नव्हतं म्हणून दोन्ही आणल्या.

स्कीमबद्दल लेखी अर्ज दिलाय, शिक्का मारून पोच घेतली.

फलाट_क्रमांक_४

ताई, वह्यांचं वाचून ऑफिसात डोळे भरून आले. त्याला माझा निरोप द्या. मॅथ्सला मदत लागली तर इथेच विचारू दे. थ्री सुटायला मला पाच परीक्षा लागल्या, त्यामुळे वन मला अजून पाठ आहे.

नवी_पालवी

धागा आत्ता वाचला. माझी मुलगी एसवायबीकॉमला आहे. विचारलं की म्हणते, सगळं ठीक आहे. मार्कशीट मात्र पहिल्या सेमनंतर एकदाही पाहिलेली नाही. कसं विचारू?

प्राजक्त_डोंबिवली

पालवीताई, मी सांगायला मोठी नाही. पण मी शेवटचं काय विचारलं होतं ते आठवून पाहिलं. "पास झालास ना?" एवढंच विचारायचे मी. त्यात 'हो'च्या शिवाय दुसरं उत्तर द्यायला जागाच नव्हती. तुम्ही "कुठला विषय राहिलाय?" असं विचारून बघा, कपाळाला आठी न घालता. आणि फॉर्मच्या तारखा आधी बघून ठेवा, म्हणजे तिने सांगितलं तर लगेच काही करता येईल.

आमचं हॉल तिकीट आलंय. मॅथ्सचा पेपर पहिलाच आहे. फलाट दादा, त्याने मॅट्रिसेसचे दोन प्रश्न लिहून दिलेत, रात्री इथे टाकते, मला ती चिन्हं नीट टाइप करता येत नाहीत म्हणून वेळ लागेल.